मयताच्या घरी पहिला केक

मला लिहायची सवय नाही. टपाल वाटण्यात आयुष्य गेलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं पोचवायचं, एवढंच मला येत होतं. पण मिस झेल्मा क्राउसबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं माझी बायको रूबी म्हणते, आणि ज्यांना हे चांगलं लिहिता आलं असतं ती माणसं आता राहिली नाहीत. तेव्हा जमेल तसं लिहितो.

मिस झेल्मा आमच्या केन फोर्क गावातल्या मोज्यांच्या गिरणीत होत्या. मोज्याचं पुढचं टोक शिवून बंद करायचं, हे त्यांचं काम. लग्न केलं नव्हतं. आवाज मोठा, चाल त्याहून मोठी. पण गावात त्यांचं नाव होतं ते मोज्यांमुळे नव्हे, नारळाच्या केकमुळे.

आमच्या गावात कुणी वारलं की त्या घरात स्वयंपाक होत नाही, शेजारपाजार भांडी भरभरून आणतो. आणि केन फोर्कमध्ये कुठल्याही मयताच्या घरी सगळ्यांत आधी पोचायचा तो मिस झेल्माचा केक. तीन थरांचा, पांढराशुभ्र, वर ताजं खोवलेलं खोबरं. मागच्या दाराने आत जायचं, टेबलाच्या बरोब्बर मध्यावर केक ठेवायचा, कॉफी चढवायची आणि काही न विचारता भांडी घासायला लागायचं. नंतर बाकीच्या बायकांनी आपापली भांडी त्या केकच्या भोवतीनं मांडायची. मिस झेल्मा मागच्या पायरीवर हातोडीने नारळ फोडायला बसल्या की तो ठकठक आवाज ऐकून अर्धी गल्ली हातातलं काम थांबवायची. “कोण गेलं गं?”

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पण त्या बाईला दुसरं काही नव्हतं. चर्चमधल्या गाणाऱ्यांत त्यांना घेत नसत, कारण आवाज. शाळेच्या समितीवर घेत नसत, कारण तोंड. हा पहिला केक मात्र त्यांचा होता आणि त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मग चर्चमध्ये नवे पाद्री आले, ब्रदर हॅस्केल, आणि त्यांच्याबरोबर मिसेस हॅस्केल. बाई स्वभावाने गोड होत्या. पण त्यांच्याकडे मोटार होती आणि पाद्रीबाबांकडे फोन आधी यायचा. लागोपाठ दोन मयतांना मिस झेल्मा केक घेऊन पोचल्या, तर टेबलाच्या मध्यावर हिरव्या जेलीत लटकलेली गाजरं.

“जेली!” मिस झेल्मा मला फाटकाशी म्हणाल्या. “रेमंड, मेलेल्या माणसाच्या घरी थरथरणारा पदार्थ न्यायचा? काही लाजबीज?”

“चवीला बरी होती,” मी म्हणालो.

“तू खाल्लीस?”

मी टपाल दिलं आणि पुढे निघालो.

मिस झेल्मांच्या घरासमोर रस्त्यापलीकडे होइट टीग राहायचा. करवतींना धार लावून द्यायचा आणि जिभेलाही स्वतःच लावायचा. एकटा माणूस. रोज सकाळी दोघं आपापल्या पडवीतून एकमेकांचा समाचार घ्यायची.

“झेल्मा, कालच्या मयताला खोबरं कोरडं होतं.”

“म्हणून दोन तुकडे खाल्लेस होय रे?”

“पहिल्यावर विश्वास बसेना.”

होइटचं खरं वैर होतं टीव्हीशी. गावात घरोघरी टीव्ही आले तसा तो बिथरला. “टीव्ही बघणं म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीत डोकावणं, आणि तेही पैसे देऊन,” असं तो चर्चमध्ये उभा राहून बोलला होता. ज्या घरात टीव्ही लागलेला असे त्या घरात तो पाऊल टाकत नसे. सोमवारी संध्याकाळी एक विनोदी मालिका लागायची, त्यात आमच्यासारखंच एक छोटं गाव होतं. तेव्हा अख्खं केन फोर्क घरात आणि होइट एकटा पडवीत, कुंपणाकडे बघत. ऐकू मात्र यायचं त्याला. उन्हाळ्यात सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. सगळी गल्ली एकदम हसायची आणि का हसली ते त्याला कळायचं नाही. अशी दोनेक वर्षं त्याने काढली आणि मग माणूस फुटला. टीव्ही घ्यायचा ठरवला. पण कुणाला कळता कामा नये!

त्यासाठी त्याने गाठलं क्लॉड बिगरस्टाफला. क्लॉड गावातलं मयताचं सगळं बघायचा. त्याच्याकडे एक लांबलचक काळी गाडी होती. टपावर लाल दिवा ठेवला की रुग्णवाहिका, काढला की शववाहिनी. खिडक्यांना पडदे. शार्लट शहरातून टीव्ही गुपचूप आणायला याहून चांगली गाडी कुठे मिळणार?

त्या सोमवारी सकाळी मिस झेल्मांनी खिडकीतून काय पाहिलं ते सांगतो. क्लॉडची गाडी होइटच्या दारात आली. होइट कमरेवर हात ठेवून, वाकून, मागच्या दाराने गाडीत चढला. त्याच्या कमरेत उसण भरायची हे खरं. पण तो मागे बसला कारण पुढे क्लॉडचा कुत्रा बसायचा आणि कुत्रा जागा सोडत नसे. मिस झेल्मांना कुत्रा दिसला नाही.

त्यांनी नारळ काढून ठेवला. फोडला नाही, नुसता काढून ठेवला. दुपारपर्यंत गाडी आली नाही तेव्हा फोडला.

संध्याकाळी मी टपालाची शेवटची फेरी करत होतो तेव्हा गाडी परत आली. टपावर दिवा नव्हता. क्लॉड आणि एक अनोळखी माणूस, दोघांनी गाडीतून चाकांची खाट काढली. खाटेवर पांढऱ्या चादरीखाली काहीतरी लांबट, जड. ते दोघं धापा टाकत ती पायऱ्यांवरून घरात घेऊन गेले. आमच्याकडे तेव्हा जुन्या वळणाच्या लोकांचं मयत इस्पितळातून घरीच आणत, पुढच्या खोलीत ठेवत आणि लोक सोबतीला बसत. त्यामुळे जे दिसलं त्याचा दुसरा अर्थ लावायला जागाच नव्हती. होइट स्वतः मागच्या गल्लीत आधीच उतरला होता, कोटाखाली अँटेना लपवून. ते कुणी पाहिलं नाही.

अशा वेळी मिस झेल्मा आधी क्लॉडला फोन करत. तो त्यांचा नेम होता. पण क्लॉड टीव्ही ठेवून, दुकानातल्या त्या माणसाला घेऊन तसाच निघून गेला, कारण लांबच्या एका गावी खरंच कुणीतरी गेलं होतं. आणि नेमकी त्याच क्षणी कोपऱ्यावर मिसेस हॅस्केलची मोटार वळली. त्या आजारी माणसाला सूप द्यायला चालल्या होत्या. मिस झेल्मांना दिसलं ते फक्त त्यांच्या मांडीवरचं झाकलेलं भांडं.

“रेमंड, बाजूला हो!”

मी वळून पाहिलं तर कमरेला ॲप्रन, पायात घरातल्या सपाता आणि दोन्ही हातांवर केक, अशा मिस झेल्मा रस्ता ओलांडत धावत होत्या. त्या वयात तसं धावलेलं मी कुणाला पाहिलेलं नाही. मी टोपी काढली. दुसरं काय करणार? केक त्या घरी निघाला होता. मला टोपी काढताना पाहून समोरच्या दुकानातल्यांनी टोप्या काढल्या. अंधार पडायच्या आत सगळ्या गावाला कळलं की होइट टीग गेला.

माणसं आली. रूबीने भाजलेलं डुकराचं मांस आणलं, कुणी मक्याचा पाव, कुणी भरलेली अंडी, बटाट्याचं सॅलड, केळ्याचं पुडिंग. मिसेस हॅस्केलनी सूप आणलं, जेली नव्हती म्हणून माफीही मागितली. पुढच्या खोलीत मध्ये जेवणाचं टेबल आणि भिंतीशी चादरीखालचं ते होतं. खाट क्लॉडने परत नेली होती. चादर पुरती खालपर्यंत पोचत नव्हती आणि खालून अक्रोडाचं झिलई केलेलं लाकूड दिसत होतं.

“अक्रोड!” अंकल ड्यूई म्हणाला. तो गावातला सगळ्यांत म्हातारा, आणि मयताला आला की हटकून शवपेटीजवळची खुर्ची धरायचा. “जन्मभर पाइनच्या स्वस्त खुर्चीवर बसला आणि शेवटी पेटी मात्र अक्रोडाची. पण आखूड वाटते नाही?”

“आहे खरी आखूड,” मी म्हणालो.

“आखूड घेतली तर स्वस्त पडते. गुडघे दुमडून ठेवलं असेल. होइटच तो.”

“अंकल ड्यूई, हळू,” रूबी म्हणाली.

“त्याला काय ऐकू जातंय?”

ऐकू जात होतं. होइट आमच्या डोक्यावर होता. अँटेना घराच्या छपरावर लावली तर गावाला दिसेल, म्हणून ती माळ्यावर लावायला तो शिडीने वर चढला होता. खाली माणसांचा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, टीव्हीचा सुगावा लागला आणि गाव हसायला आलं. म्हणून तो गप्प राहिला. तेवढ्यात माझ्या रूबीने मागच्या पडवीतली शिडी उचलून अंगणात ठेवली, भांडी घेऊन ये-जा करायला अडचण होत होती म्हणून. आता त्याला उतरताही येईना. हे सगळं त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं.

ब्रदर हॅस्केल पेटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आपण सगळे होइटबद्दल एकेक चांगला शब्द बोलू.”

माणसं हातातल्या टोप्या फिरवू लागली.

“त्याचं कुंपण सरळ होतं,” कुणीतरी म्हणालं.

“हो, हो. फार सरळ,” सगळे म्हणाले.

“तो कुणाचं काही घ्यायचा नाही,” रूबी म्हणाली.

“द्यायचाही नाही,” अंकल ड्यूई म्हणाला. मग पाद्रीबाबांकडे पाहून त्याने भर घातली, “म्हणजे हिशेब सरळ. कुंपणासारखा.”

माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी म्हणालो, “त्याला फारसं टपाल येत नसे.” मला चांगलंच म्हणायचं होतं.

मग मिस झेल्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पुसत होत्या, पण हात कोरडेच होते.

“मेला दर मयताला माझा केक खायचा,” त्या म्हणाल्या. “दर वेळी म्हणायचा, खोबरं कोरडं आहे. आणि दर वेळी दुसरा तुकडा घ्यायचा. तुम्ही सगळे छान छान म्हणता आणि अर्धा ताटात ठेवता, मला काय दिसत नाही? आता माझ्या तोंडावर कोण सांगणार कोरडं आहे म्हणून?” आणि त्यांनी ॲप्रन डोळ्यांना लावला.

वर माळ्यावर काहीतरी करकरलं. अंकल ड्यूई म्हणाला, “उंदीर.”

मिसेस हॅस्केल त्यांच्याजवळ गेल्या आणि पाठीवर हात ठेवला. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी विचारलं, “मिस झेल्मा, कुठल्या इस्पितळात गेले हो ते? माझ्या नवऱ्याला कुणी कळवलंच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मला?” मिस झेल्मा म्हणाल्या. “मी... क्लॉडच्या गाडीतून...”

“क्लॉड बोलला तुमच्याशी?”

सगळी खोली मिस झेल्मांकडे वळली. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच गप्प पाहिलं. क्लॉडशी आपण बोललेलोच नाही हे त्यांना तेव्हा उमगलं असणार. चुकलं असेल तर पुढे काय? जिवंत माणसाच्या घरी मयताचा केक नेलेली बाई. पुन्हा कधी त्या नारळ फोडायला बसल्या असत्या तर लोक फिदीफिदी हसले असते. पुन्हा तो केक कुणी खरा मानला नसता.

“चेहरा तरी पाहू या का एकदा?” मिसेस हॅस्केल मृदू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी चादरीचं टोक धरलं.

धाडकन आवाज झाला. छताचा गिलावा कोसळला, पांढरी धूळ उडाली आणि पुडिंगच्या बरोबर वर, मांडीपर्यंत, एक पाय लटकायला लागला. पायात बूट होता. दोरी सुटलेली.

रूबी खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे बसली. ब्रदर हॅस्केलनी प्रार्थना मधूनच सुरू केली. अंकल ड्यूई मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, “बूट ओळखीचा वाटतो.”

पाय दोनदा हलला. वरून शिवी ऐकू आली आणि मग सगळ्यांना पटलं की होइट टीग जिवंत आहे.

आता कुणीच वर बघत नव्हतं. सगळे मिस झेल्मांकडे बघत होते. त्या भिंतीला टेकल्या होत्या. चेहरा त्यांच्या केकपेक्षा पांढरा. कुणाच्या तरी घशात हसू अडकलं होतं, ते आता फुटणार, हे मला कळत होतं.

“झेल्मा!” छतातून आवाज आला. “अगं ए झेल्मा! सगळ्यांना मालिकेच्या वेळेला बोलाव म्हणालो होतो ना मी तुला? आत्ताच घेऊन आलीस? माझी अँटेना लागली नाही अजून!”

मिस झेल्मांनी हळूच मान वर केली.

“एक काम सांगितलं तर तेही धड नाही,” पाय बोलत राहिला. “आणि त्या चादरीला कुणी हात लावू नका! ती मी काढणार. माझा टीव्ही आहे तो.”

“तुझा काय?” अंकल ड्यूई ओरडला.

“टीव्ही! टीव्ही! घेतला मी. विकत घेतला. म्हटलं, गावाला एकदम बोलवावं आणि दाखवावा. आहे काही म्हणणं?”

चर्चमध्ये उभं राहून टीव्हीला शिव्या दिलेला माणूस. दिवा नसलेल्या शववाहिनीतून, पडद्याआडून, गुपचूप आणलेला टीव्ही. आता कुणालाच काही कोडं उरलं नव्हतं. त्याने काय केलं आणि ते कुणासाठी, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

काळ्या पोशाखातल्या मिसेस हॅस्केल चादरीचं टोक हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी टोक सोडलं, नीट सारखं केलं, आणि म्हणाल्या, “बघा ना, आम्हीच फार लवकर आलो. मिस झेल्मा, केक आता कापायचा की मालिका सुरू झाल्यावर?”

मिस झेल्मांनी श्वास घेतला. तो मला आजही ऐकू येतो.

“सुरू झाल्यावर,” त्या म्हणाल्या. मग वर बघून गरजल्या, “आणि तू रे! पाय वर घे आधी. पुडिंगमध्ये माती पडतेय!”

त्यानंतरचं हसणं मी वर्णन करू शकत नाही. ते खिडक्यांतून बाहेर गेलं, रस्त्यावर गेलं, आणि होइट त्या हसण्याच्या आत होता. शिडी आणून आम्ही त्याला खाली काढलं. केसांत गिलावा, मिशीत कोळिष्टकं. त्याने चादर ओढली. खाली होता टीव्ही, त्याच लाकडात रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र. चित्र मात्र येईना. अँटेना धरायला कुणीतरी माळ्यावर हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला गर्दीत बसायला तसंही अवघड वाटतं. मी गेलो.

तर ती मालिका मी छताच्या भोकातून, पालथा पडून, हातात अँटेना धरून पाहिली. थोडं हललो की खालून ओरडा व्हायचा, “रेमंड, डावीकडे!” त्या दिवशीच्या भागात त्या गावचा महापौर स्वतःच्याच कचेरीच्या तिजोरीत अडकला होता आणि बाहेर लोक त्याच्या नावाने पुतळा उभारायचं ठरवत होते. खाली मयताचं जेवण मांडीवर घेऊन काळ्या कपड्यांतलं सगळं गाव खो खो हसत होतं. होइटचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. दोन वर्षांचं साचलेलं होतं ते.

मालिका संपल्यावर अंकल ड्यूईने डोळे पुसले. त्याच्या टाळूवर छताची माती होती.

“काहीही दाखवतात,” तो म्हणाला. “असं कुठे खऱ्या गावात घडतं का?”

मिस झेल्मांनी होइटपुढे केक ठेवला. त्याने एक तुकडा खाल्ला. सगळी खोली थांबली.

“कोरडं आहे,” तो म्हणाला आणि ताटली पुढे केली. “आण अजून.”

छताचं ते भोक त्याने कधी बुजवलं नाही. नुसती एक फळी टाकली. पुढे दर सोमवारी गाव त्याच्याकडे जमायचं आणि केक मिस झेल्माच आणायच्या, मध्यावर त्याच ठेवायच्या. मयताच्या घरीही पहिल्यासारखंच चाललं. मिसेस हॅस्केल त्यानंतर कुठेही आधी पोचल्या नाहीत. मी त्यांची मोटार कोपऱ्यावर थांबलेली पाहिली आहे. मिस झेल्मा आत जाईपर्यंत त्या आरशात बघून टोपी नीट करत बसायच्या. कधी कधी फार वेळ.

मिस झेल्मा गेल्या तो दिवस थंडीचा होता. ही बातमी मात्र क्लॉडने स्वतः येऊन सांगितली, दोनदा. आम्ही भांडी घेऊन निघालो. त्यांच्या घरासमोर रस्त्याला गाड्या लागल्या होत्या आणि एकाही गाडीतून कुणी उतरत नव्हतं. सगळ्यांत पुढे मिसेस हॅस्केल, मांडीवर जेली. रूबीने आमच्या गाडीच्या दाराला हात लावला तसा मी म्हणालो, “थांब जरा.”

कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. नुसते बसलो होतो, काचा वाफेने धुरकटलेल्या. मग होइटच्या मागच्या पायरीवरून आवाज आला. ठक. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग मोठ्याने शिवी. मग परत ठक.

दुपार उतरली तेव्हा त्याचं दार उघडलं. हातावर केक होता. तीन थर, तिन्ही वेगवेगळ्या दिशांना निघालेले, वर नारळाचे ओबडधोबड तुकडे. त्याने सगळ्या गाड्यांकडे एकदा पाहिलं, कुणाला मान हलवली नाही, आणि रस्ता ओलांडून मागच्या दाराने आत गेला. टेबलावर मध्यभागी केक ठेवला. कॉफी चढवली. मग आम्ही उतरलो.

रूबीने केक कापला. पहिल्याच तुकड्यात करवंटीची कपची निघाली. सगळ्यांनी खाल्ला आणि सगळे म्हणाले, छान झालाय.

“काय छान?” होइट म्हणाला. “कोरडा आहे.” आणि त्याने दुसरा तुकडा घेतला.